सरकार पडल्यानंतरचं काबूल

शनिवारची सकाळ आहे. कुणी मुलांना मराठी शाळेत सोडायला निघाला असाल, कुणाकडे पोह्यांची फोडणी पडत असेल. आजचा विषय जरा जड आहे, पण तो आपल्या शेजारचाच आहे. गाडीत लहान मुलं असतील तर काळजी करू नका, मारामारीची वर्णनं मी करणार नाही.

आपल्या फ्रीमाँटमधल्या सेंटरव्हिल भागाला लोक ‘लिटल काबूल’ म्हणतात. तिथला हातभर लांबीचा गरम नान आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घरी नेला असेल. आपल्या मुलांच्या वर्गात अफगाण मुलं आहेत, आपल्या ऑफिसांत अफगाण सहकारी आहेत. तरी त्यांच्या देशाविषयी आपली माहिती पानिपत, हिंग, काबुली चणे आणि अलीकडचे तालिबान एवढ्यावर थांबते. मधली एक चार वर्षं आपल्याला जवळजवळ माहीतच नसतात. ती म्हणजे १९९२ ते १९९६.

या वर्षांकडे माझं लक्ष एका साध्या प्रश्नामुळे गेलं. रशियन सैन्य अफगाणिस्तानातून बाहेर पडलं १९८९ साली. त्यांच्या पाठिंब्यावर उभं असलेलं सरकार पडलं १९९२ साली. म्हणजे ज्यांच्याविरुद्ध लढाई होती ते गेले आणि लढणारे जिंकले. मग काबूल शहरातून लोकांचे लोंढे त्यानंतर का निघाले? सोव्हिएत युद्धाच्या दहा वर्षांत खेडी उद्ध्वस्त झाली, पण राजधानी बरीचशी शाबूत होती. विजेवर चालणाऱ्या ट्रॉलीबस धावत होत्या, विद्यापीठ भरत होतं. शहर मोडलं ते विजयानंतर. असं का झालं, ते आज बघू.

थोडं मागे जाऊ. १५ फेब्रुवारी १९८९ रोजी शेवटचे सोव्हिएत सैनिक अमू दर्या नदीवरचा पूल ओलांडून परत गेले. काबूलमध्ये राष्ट्राध्यक्ष होते डॉ. नजीबुल्लाह. हे गृहस्थ काही साधुसंत नव्हते. त्याआधी ते ‘खाद’ या गुप्तहेर पोलिसदलाचे प्रमुख होते आणि त्या दलाच्या छळकोठड्यांच्या आठवणी अफगाण घरांतून अजून सांगितल्या जातात. रशियन गेले की हे सरकार काही महिन्यांत कोसळणार, असं जगभरचे जाणकार म्हणत होते. मार्च १९८९ मध्ये मुजाहिदीन गटांनी जलालाबादवर मोठा हल्ला चढवला, तो फसला. नजीबुल्लाह पुढे तीन वर्षं टिकले.

ते कशावर टिकले? मॉस्कोहून येणाऱ्या पैशावर, धान्यावर, इंधनावर आणि शस्त्रांवर. अफगाणी नोटासुद्धा तिकडेच छापून यायच्या. नजीबुल्लाहांच्या बाजूने लढणारं सगळं काही नियमित सैन्य नव्हतं. अनेक भागांत स्थानिक सरदारांच्या पगारी फौजा होत्या. त्यांपैकी सगळ्यात ताकदवान होता उत्तरेतला अब्दुल रशीद दोस्तम. या फौजांची निष्ठा दर महिन्याला विकत घ्यावी लागत होती.

सप्टेंबर १९९१ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी ठरवलं, की १ जानेवारी १९९२ पासून दोघांनीही आपापल्या बाजूला शस्त्रं द्यायची नाहीत. ती तारीख उजाडायच्या आत सोव्हिएत संघच संपला. पैसा थांबला, तेल थांबलं. त्याच सुमारास नजीबुल्लाहांनी उत्तर सीमेवरच्या हैरतानच्या ठाण्यावरचा ताजिक सेनापती बदलून तिथे आपल्या विश्वासातला पश्तून अधिकारी नेमायचं ठरवलं. आपल्यापैकी कुणीही कधी सरकारी नोकरी जवळून पाहिली असेल, तर बदलीचा एक हुकूम काय करू शकतो ते तुम्हाला माहीत आहे. त्या सेनापतीने हुकूम मानला नाही. दोस्तम त्याच्या बाजूला गेला. काबूलची रसद ज्या रस्त्याने यायची तो रस्ताच हातचा गेला. मार्चमध्ये मझार-ए-शरीफ पडलं. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात, तसं एकेक ठाणं फिरत गेलं.

१८ मार्चला नजीबुल्लाहांनी जाहीर केलं, की हंगामी सरकार तयार झालं की मी पायउतार होतो. संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी बेनन सेवान ही अदलाबदल शांतपणे व्हावी म्हणून धडपडत होते. पण हंगामी सरकारात कोण बसणार हे ठरायच्या आधीच ‘मी जाणार’ हे सगळ्यांना कळलं. एप्रिलच्या मध्यावर एका रात्री नजीबुल्लाह विमान पकडायला निघाले, तर विमानतळावर दोस्तमच्या माणसांचा ताबा. ते मागे फिरले आणि संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत आश्रयाला गेले. त्यांची पत्नी आणि मुली आधीच दिल्लीला पोचल्या होत्या. स्वतः नजीबुल्लाह त्या आवारातून पुढची चार वर्षं बाहेर पडू शकले नाहीत.

आता इथे जरा थांबू या, कारण गोष्टीचा खरा सांधा इथे आहे.

मी गेली वीस वर्षं कंपन्यांच्या जुन्या संगणक यंत्रणा बंद करून नव्या सुरू करण्याचं काम करतो. या कामात सगळ्यांचं लक्ष एका तारखेवर असतं. जुनी यंत्रणा कधी बंद होणार? अनुभवी माणसं मात्र दुसऱ्या दिवशीचं विचारतात. उद्या सकाळी पासवर्ड कुणाकडे असतील? काही बिघडलं तर फोन कोण उचलेल? पगाराची फाईल कोण पाठवेल? कंपनीत याची उत्तरं नसली तर नुकसान पैशाचं होतं. काबूलमध्ये याच प्रश्नांची उत्तरं नव्हती आणि तिथे शस्त्रागाराच्या किल्ल्यांचा प्रश्न होता.

सरकार पडलं म्हणजे काय झालं बघा. मंत्री गेले. पण सैन्य, पोलीस, तोफा, विमानं शहरातच होती. प्रत्येक अधिकाऱ्याने आपला जीव वाचवायला ओळखीचा गट शोधला. सत्ताधारी पक्षात जुने दोन तट होते, खल्क आणि परचम. खल्कवाल्यांपैकी बऱ्याच जणांनी गुलबुद्दीन हिकमतयारच्या गटाशी संधान बांधलं, तर परचमवाल्यांनी अहमद शाह मसूदशी. म्हणजे सरकारी फौज हरली नाही, ती वाटली गेली. ज्याला जो तुकडा मिळाला, त्याला त्याबरोबर रणगाडेही मिळाले.

हिकमतयार आणि मसूद हे दोघंही सोव्हिएत सैन्याविरुद्ध लढलेले. दोघंही एके काळी काबूलमध्ये इंजिनिअरिंगचे विद्यार्थी होते. एप्रिल १९९२ मध्ये एक शहराच्या दक्षिणेला आणि एक उत्तरेला येऊन थांबला होता, तेव्हा त्यांचं वायरलेसवर बोलणं झालं. त्या संभाषणाचं रेकॉर्डिंग उपलब्ध आहे. मसूद सांगत होता, की पेशावरमध्ये पुढाऱ्यांचा समझोता होतोय, थांबा. हिकमतयारचं म्हणणं होतं, की आम्ही शहरात शिरणारच. काही दिवसांतच दोन्हीकडच्या फौजा शहरात घुसल्या, रस्त्यांवर लढाई झाली आणि हिकमतयारची माणसं दक्षिणेकडे मागे रेटली गेली.

त्याच सुमाराला पेशावरमध्ये करार झाला होता. त्यात काय होतं? सिबगतुल्लाह मुजद्दिदी दोन महिने राष्ट्राध्यक्ष, मग बुरहानुद्दीन रब्बानी चार महिने, मसूदकडे संरक्षण खातं, पंतप्रधानपद हिकमतयारच्या पक्षाला. नावं होती, खुर्च्या होत्या, महिनेसुद्धा मोजलेले होते. पण कोणत्या मोहल्ल्यात कुणाची बंदूक राहील, बाकीच्यांच्या बंदुका कोण आणि कशा जमा करील, या फौजांना पगार कोण देईल, याचा नीट बंदोबस्त नव्हता. ज्यांना राजधानीत आपला वाटा हवा होता, त्यांपैकी पश्चिम काबूलमधल्या हजारा लोकांच्या पक्षाला आणि दोस्तमला पुरेसं स्थानच नव्हतं. आणि त्या दोघांकडेही तोफा होत्या.

मग शहराचे तुकडे पडले. ही सगळी नावं लक्षात ठेवायची गरज नाही, फक्त चित्र डोळ्यांसमोर आणा. उत्तर आणि मध्य भाग मसूदच्या माणसांकडे. विमानतळ आणि बाला हिसार किल्ल्याचा परिसर दोस्तमकडे. पश्चिमेच्या वस्त्या अब्दुल अली मझारीच्या हजारा पक्षाकडे. त्यांच्या शेजारी पघमानच्या बाजूला सय्याफचा गट. आणि दक्षिणेला, शहराबाहेर चारासियाबला, हिकमतयारचे रॉकेट सोडणारे तळ. माझे एक ज्येष्ठ अफगाण सहकारी होते, काबूलच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकलेले. शहराचा नकाशा सांगताना ते रस्त्यांची नावं सांगत नसत. कोणत्या नाक्यावर कुणाचं ठाणं होतं आणि तिथे आपली भाषा, आपलं आडनाव आणि आपला चेहरा चालणार होता की नाही, अशा खुणांनी सांगत. शहराची ओळख अशी होऊन बसली, की कामावर जाणं, दळण आणणं, आजारी आईला दवाखान्यात नेणं यांपैकी काहीच साधं राहत नाही.

ऑगस्ट १९९२ मध्ये हिकमतयारच्या रॉकेटांनी काबूल भाजून काढलं. त्या काही आठवड्यांत हजाराहून जास्त माणसं मेली आणि लाखो घरं सोडून गेली. यातली विचित्र गोष्ट अशी, की त्याच उन्हाळ्यात काबूलमध्ये पंतप्रधानपदावर बसलेला माणूस हिकमतयारच्याच पक्षाचा होता. पुढे मार्च १९९३ मध्ये इस्लामाबादमध्ये दुसरा करार झाला आणि हिकमतयार स्वतः पंतप्रधान झाला. पण तो राजधानीत राहायला येईना. मंत्रिमंडळाच्या बैठका चारासियाबला व्हायच्या. ज्या शहराचे आपण पंतप्रधान, त्या शहरात पाऊल टाकायला जागा नाही, असा तो कारभार.

दोष एकट्या हिकमतयारचा नव्हता. फेब्रुवारी १९९३ मध्ये पश्चिम काबूलमधल्या अफशार वस्तीवर मसूद आणि सय्याफ यांच्या फौजांनी हल्ला केला. तिथल्या हजारा रहिवाशांचं जे झालं, ते मानवी हक्क संस्थांनी तपशीलवार नोंदवून ठेवलं आहे. हजारा पक्षाच्या माणसांनी दुसऱ्या जमातींच्या लोकांना पळवून नेलं, त्याच्याही नोंदी आहेत. प्रत्येक गटाकडे आपापले हुतात्मे आहेत आणि प्रत्येक गटाकडे लपवायच्या गोष्टीही आहेत. म्हणूनच अफगाण मित्रांच्या मेजवानीत मसूदचं नाव निघालं, की एका टेबलावर डोळे भरून येतात आणि शेजारच्या टेबलावर शांतता पसरते. आपण पाहुण्यांनी तिथे पटकन मत देऊ नये, हे त्यामागचं कारण.

१ जानेवारी १९९४ ला दोस्तमने बाजू बदलली. कालचा मसूदचा साथीदार आज हिकमतयारबरोबर झाला आणि शहरावर पुन्हा आग बरसली. जादा-ए-मैवंद हा काबूलचा गजबजलेला बाजाररस्ता ढिगाऱ्यांचा होऊन गेला. ट्रॉलीबस तर आधीच बंद पडल्या होत्या, त्यांच्या तारा लोकांनी आणि सैनिकांनी उतरवून नेल्या. विद्यापीठाच्या इमारतींत युद्धाच्या आघाड्या होत्या. हिंदू आणि शीख कुटुंबं, ज्यांच्या कित्येक पिढ्या काबूलमध्ये व्यापार करत होत्या, त्यांतली बहुतेक याच वर्षांत दिल्लीला, युरोपला निघून गेली. शहरात अजून आसामाई देवीच्या नावाची टेकडी आहे, तिचं नाव घेणारे मात्र मूठभर उरले.

बाहेरचेही हात होतेच. पाकिस्तानची मदत हिकमतयारला, इराणची हजारा पक्षाला, सौदी पैसा सय्याफला. आणि ज्या अमेरिकेने दहा वर्षं शस्त्रं पुरवली होती, तिचं लक्ष रशियन गेल्यावर दुसरीकडे वळलं. आपण या देशात कर भरतो, म्हणून ही बाजूही आपल्याला माहीत असायला हवी.

याचा शेवट काय झाला? दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. १९९४ मध्ये कंदहारकडे तालिबान नावाचा नवा गट उभा राहिला. रस्त्यावरचे खंडणीचे नाके उठवतो, एवढं त्यांनी सांगितलं आणि थकलेल्या लोकांना सुरुवातीला ते पुरेसं वाटलं. फेब्रुवारी १९९५ मध्ये त्यांच्यापुढे हिकमतयारला चारासियाब सोडून पळावं लागलं. जून १९९६ मध्ये, म्हणजे चार वर्षांनी, तो अखेर पंतप्रधान म्हणून काबूलमध्ये आला, मसूद आणि रब्बानींच्या बाजूने. सप्टेंबरच्या २७ तारखेला शहर तालिबानच्या हातात होतं. आल्या आल्या त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आवारातून नजीबुल्लाहांना ओढून नेऊन ठार केलं. मग मुलींच्या शाळा बंद झाल्या. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

काबूल हे एकटं उदाहरण नाही. सोमालियाची राजधानी मोगादिशू बघा. जानेवारी १९९१ मध्ये हुकूमशहा सियाद बारे पळाला आणि त्याच वर्षी त्याला हाकलणाऱ्या एकाच संघटनेचे दोन पुढारी शहर वाटून लढू लागले. सुदानच्या खार्तूममध्ये ऑक्टोबर २०२१ ला ज्या दोन सेनापतींनी मिळून सत्ता हाती घेतली, तेच एप्रिल २०२३ मध्ये एकमेकांवर तुटून पडले. भारताने तेव्हा ‘ऑपरेशन कावेरी’ राबवून आपली माणसं बाहेर काढली. कुणाला काढायचं यावर एकमत होतं, नंतर काय करायचं यावर नव्हतं, हा धागा तिन्ही ठिकाणी सापडतो.

आता तुम्ही म्हणाल, मग जुलमी सरकारं तशीच राहू द्यायची का? तसं मी म्हणत नाही. नजीबुल्लाहांची राजवट जावी असं वाटणाऱ्या अफगाण माणसाला तसं वाटायची सबळ कारणं होती. आणि नुसती शांतता म्हणजे न्याय नव्हे. १५ ऑगस्ट २०२१ ला काबूल पुन्हा पडलं, तेव्हा जिंकणारा गट एकच असल्यामुळे गल्लोगल्ली लढाई झाली नाही, पण तिथल्या मुलींना त्याची काय किंमत मोजावी लागतेय, ते आपण बघतोच. माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, मग विषय भारताचा असो की अमेरिकेचा, ‘एकदाचं सगळं मोडून टाका, नंतरचं नंतर बघू’ असं कुणी लिहिलं, की काबूलची ही चार वर्षं आठवावीत. त्या ‘नंतर’मध्ये माणसं राहत असतात. एक तारखेला पगार कोण देणार, पोलीस कुणाचं ऐकणार, हरलेल्याला कुठे जागा मिळणार, हे तीन प्रश्न विचारणाऱ्याला घाबरट म्हणू नका. तो त्या खोलीतला सगळ्यात जबाबदार माणूस असू शकतो.

जाता जाता एक चांगली गोष्ट सांगतो, कारण ती आपल्या बे एरियापर्यंत आलेली आहे. काबूलचं राष्ट्रीय संग्रहालय शहराच्या दक्षिण टोकाला दारुलअमानला आहे, म्हणजे ऐन आघाडीवर. मे १९९३ मध्ये त्यावर रॉकेट पडलं, आग लागली आणि नंतरच्या लुटीत बहुतेक संग्रह नाहीसा झाला. सगळ्यांना वाटलं, १९७८ च्या सुमारास तिल्या तेपे इथे सापडलेले वीस हजारांहून जास्त सोन्याचे दागिने आणि वस्तूसुद्धा गेल्या. पण नजीबुल्लाहांच्या काळातच त्या पेट्या राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यातल्या बँकेच्या तिजोरीत हलवल्या होत्या आणि हे मोजक्या माणसांना ठाऊक होतं. त्यांपैकी एक होते उमरा खान मसूदी, जे पुढे संग्रहालयाचे संचालक झाले. मुजाहिदीन आले, तालिबान आले, गेले. ही माणसं गप्प राहिली. अफगाणिस्तानात सरकारी वस्तू ज्याच्या ताब्यात असते, त्याला तहवीलदार म्हणतात. पगार धड मिळत नसतानाही या तहवीलदारांनी आपली जबाबदारी सोडली नाही. २००४ मध्ये तिजोरीतल्या पेट्या उघडल्या, तेव्हा सोनं जसंच्या तसं होतं. २००८ च्या ऑक्टोबरपासून २००९ च्या जानेवारीपर्यंत ते आपल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या एशियन आर्ट म्युझियममध्ये मांडलं होतं. तुमच्यापैकी काहींनी पाहिलंही असेल.

सेनापतींची नावं इतिहासात राहिली, या माणसांची फारशी कुणाला माहीत नाहीत. शहर पुन्हा उभं राहतं ते अशा लोकांवर. आपल्या आसपास राहणाऱ्या अफगाण वडीलधाऱ्यांमध्येही तशी माणसं आहेत. कुणी शिक्षक होतं, कुणी पाणीपुरवठ्यात इंजिनिअर होतं, कुणी सरकारी दवाखान्यात नर्स. पुढच्या वेळी ओळख झाली की तालिबानविषयी विचारू नका. तुम्ही काबूलमध्ये कुठल्या भागात राहायचा आणि काय काम करायचा, एवढं विचारा. वेळ काढून विचारा, कारण उत्तर मोठं असतं आणि बहुधा त्याबरोबर चहाही येतो.

तुमच्या ओळखीत अशा कुणाच्या आठवणी असतील आणि त्यांची हरकत नसेल, तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवू. आजच्यापुरतं एवढंच. मुलांना शाळेत वेळेवर सोडा. नमस्कार.